मेणबत्तीचा धूर घालवणारे शेव्रल

रक्ततपासणीच्या कागदावरचा ‘कोलेस्टेरॉल’ हा शब्द आता केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावातही कुणाला नवा राहिलेला नाही. अंबाजोगाईच्या दवाखान्यातून परतलेला माणूस घरी आल्यावर आधी तो आकडाच सांगतो. दुसरीकडे डिसेंबर लागला की मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांमध्ये नाताळच्या उपासनेसाठी मेणबत्त्यांची जमवाजमव सुरू होते. जाड, उंच मेणबत्त्या महाग पडतात. त्यामुळे मेण आणून घरीच मेणबत्त्या ओतणे किंवा वर्षभराचे उरलेले तुकडे वितळवून त्यांच्या नव्या करणे हा काटकसरीचा मार्ग असतो.

रक्तातले कोलेस्टेरॉल आणि प्रार्थनेची ही घरगुती मेणबत्ती, या दोन गोष्टींना जोडणारा एक माणूस होऊन गेला. कोलेस्टेरॉलला नाव त्यानेच दिले. गरिबाच्या मेणबत्तीचा धूर आणि दुर्गंधी घालवण्याचा मार्गही त्यानेच दाखवला. त्याचे नाव मिशेल यूजीन शेव्रल. १७८६ साली जन्मलेला हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १०२ वर्षे जगला आणि त्यातली ऐंशीहून अधिक वर्षे प्रयोगशाळेच्या संगतीत राहिला.

मेण श्रीमंतांचे, चरबी गरिबांची

शेव्रल यांचे काम समजण्यासाठी त्यांच्या आधीची मेणबत्ती कशी होती ते पाहायला हवे. मेणबत्ती या शब्दातले मेण मुळात मधमाशीच्या पोळ्याचे. ते स्वच्छ जळते, त्याला मंद सुवास असतो, पण एका पोळ्यातून मेण निघते ते अगदी थोडे. म्हणून ते कायम महाग राहिले. युरोपातल्या कॅथलिक चर्चमध्ये वेदीवरची मेणबत्ती मधमाशीच्या मेणाचीच असावी असा दंडक होता. चर्चच्या खर्चात मेणाचा वाटा मोठा असे, आणि भाविकांकडून दान म्हणून मेण स्वीकारले जाई.

सामान्य माणसाच्या घरात मात्र गाई-बैलांच्या आणि मेंढ्यांच्या चरबीच्या मेणबत्त्या जळत. ही चरबी मऊ असते. थोड्या उष्णतेने ती पाघळते आणि हाताला चिकटते. ती जळताना उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात. वात आपोआप जळून जात नसे, त्यामुळे दर काही मिनिटांनी कात्रीने काजळी कापावी लागे. कापली नाही तर ज्योत धुरकट होऊन मंदावत जाई. रात्रीची प्रार्थना, आजाऱ्याची शुश्रूषा, बाळंतपण, शिवणकाम, हे सारे गरिबांच्या घरात अशाच कोंदट उजेडात चाले. रात्रीचा स्वच्छ उजेड ज्याच्या खिशाला परवडेल त्याचाच होता.

डॉक्टरांच्या घरातला मुलगा

शेव्रल यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी पश्चिम फ्रान्समधल्या आंजे या शहरात झाला. वडील डॉक्टर होते आणि प्रसूतिशास्त्र हा त्यांचा विषय होता. मुलगा तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास फ्रेंच राज्यक्रांती झाली. आंजे परिसरात यादवी पेटली, शहरात गिलोटिन उभे राहिले. शाळा धड चालत नव्हत्या, त्यामुळे त्यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. पुढे शहरात नव्या पद्धतीची शाळा निघाली आणि तिथे त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली.

१८०३ साली, सतरा वर्षांचे असताना, ते पॅरिसला आले. निकोला लुई वोकलां या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. वोकलां शेतमजुराच्या घरातून वर आलेले होते. हाताने काम करण्यावर त्यांचा भर असे. गाळणे, उकळणे, थंड करणे, वजन करणे, पुन्हा गाळणे अशी चिकाटीची शिस्त शेव्रल यांनी तिथेच अंगी बाणवली. पुढचे सगळे शोध याच शिस्तीतून आले.

साबणाचा एक तुकडा

१८११ च्या सुमारास शेव्रल यांच्याकडे डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाचा नमुना तपासणीसाठी आला. तो पाण्यात कालवल्यावर त्यातून मोत्यासारखे चकाकणारे कण वेगळे झाले. साबण ही हजारो वर्षांची ओळखीची वस्तू. चरबी आणि क्षार एकत्र शिजवले की साबण होतो हे सर्वांना ठाऊक होते. पण शिजताना आत नेमके काय घडते, हे कुणाला सांगता येत नव्हते. चरबी आणि क्षार नुसते एकमेकांत मिसळतात, अशीच समजूत होती.

शेव्रल यांनी साबणात आम्ल घातले आणि जे वेगळे झाले ते तपासले. त्यातून मूळ चरबी परत आली नाही. त्याऐवजी आम्लाच्या गुणधर्माचे स्निग्ध पदार्थ मिळाले. याचा अर्थ, साबण होताना चरबी फुटते. तिचे दोन भाग होतात. एक भाग स्निग्धाम्लांचा आणि दुसरा गोडसर, पाकासारख्या दाट द्रवाचा. हा गोड द्रव स्वीडनचे शीले यांनी पूर्वीच पाहिला होता. त्याला ग्लिसरीन हे नाव शेव्रल यांनी दिले. थंडीत भेगाळलेल्या टाचांना आपण लावतो, तेच हे ग्लिसरीन.

माणूस, मेंढी, गाय, डुक्कर अशा अनेकांच्या चरबीवर त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ हेच काम केले. स्निग्धाम्ले एकाच प्रकारची नसतात, हे त्यातून स्पष्ट झाले. काही घट्ट असतात, जसे स्टिअरिक आम्ल. काही पातळ असतात, जसे ओलेइक आम्ल. लोण्याला खवट वास येतो तो ज्यामुळे, ते ब्यूटिरिक आम्लही त्यांनीच वेगळे काढले. १८२३ साली हे सगळे संशोधन प्राण्यांच्या चरबीवरील एका ग्रंथात एकत्र प्रसिद्ध झाले. तुपाचा घट्टपणा, तेलाचा पातळपणा, आणि आज आहारतज्ज्ञ सांगतात तो चरबीच्या प्रकारांमधला फरक, या सगळ्याचा पाया तिथे घातला गेला.

याच काळात त्यांनी पित्ताशयातल्या खड्यांमधला एक पांढरा पदार्थ तपासला. तो चरबीसारखा दिसे, पण क्षाराबरोबर शिजवला तरी त्याचा साबण होत नसे. म्हणजे ती साधी चरबी नव्हती. पित्त आणि घट्ट या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून शेव्रल यांनी त्याला ‘कोलेस्टेरिन’ म्हटले. पुढे त्याचेच कोलेस्टेरॉल झाले. १८१५ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मधुमेही रुग्णाच्या लघवीत उतरणारी साखर ही द्राक्षातल्या साखरेसारखीच, म्हणजे ग्लुकोज असते. आज ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवताना आपण तीच साखर मोजत असतो.

धूर कुठून येत होता

चरबीची मेणबत्ती डोळे का चुरचुरवते, याचे उत्तर आता मिळाले होते. ग्लिसरीन फार तापले की त्यातून ॲक्रोलिन नावाचा झोंबणारा वायू निघतो. कढईतले तेल जास्त तापून धूर येऊ लागला की नाका-डोळ्यांना जे झोंबते, त्यात हाच वायू असतो. चरबीतून ग्लिसरीन काढून टाकले तर तो उग्रपणा जातो. पातळ ओलेइक आम्ल दाबून काढले तर मेणबत्ती पाघळत नाही. उरते ते पांढरेशुभ्र, कडक, स्वच्छ जळणारे स्टिअरिक आम्ल. शुद्ध स्थितीत ते सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. चरबी त्याच्या खूप आधी पाघळू लागते.

१८२५ साली शेव्रल आणि त्यांचे सहकारी गे-ल्यूसॅक यांनी अशा मेणबत्तीचे पेटंट घेतले. मेणबत्ती स्वच्छ जळत होती, तरीही हा उद्योग फसला. त्यांच्या पद्धतीत वापरलेले क्षार महाग होते, कृती किचकट होती, आणि वातीचा प्रश्न नीट सुटलेला नव्हता. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली वस्तू बाजारात परवडेना. शेव्रल यांना मेणबत्तीतून संपत्ती मिळाली नाही.

पुढची वाट इतरांनी काढली. कांबासेरेस यांनी तीन पेडांची, वेणीसारखी गुंफलेली सुती वात केली. अशी वात जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन जळून जाते आणि काजळी कापावी लागत नाही. आदोल्फ द मिली यांनी १८३१ च्या सुमारास महाग क्षारांऐवजी साधा चुना वापरला. चरबी चुन्याबरोबर शिजवायची, मग गंधकाम्लाने चुना वेगळा करायचा आणि उरलेला लगदा दाबून पातळ भाग काढायचा. द मिली यांनी वात बोरिक आम्लात बुडवून घेण्याची युक्तीही काढली, त्यामुळे वातीची राख ज्योतीत अडकून राहीनाशी झाली. चुना स्वस्त असल्याने मेणबत्तीही हळूहळू स्वस्त होत गेली. शेव्रल यांच्या शोधाचा लाभ सामान्य घरापर्यंत पोहोचला तो या चुन्यामुळे.

स्वस्ताईतला विषारी फाटा

मात्र स्वस्त आणि देखणी वस्तू करण्याच्या नादात एक घातक चूक झाली. स्टिअरिक आम्ल थंड होताना त्याचे मोठे स्फटिक बनतात आणि मेणबत्ती ठिसूळ, खडबडीत दिसते. ती गुळगुळीत व्हावी म्हणून काही कारखानदार त्यात थोडा सोमल, म्हणजे आर्सेनिक, घालू लागले. मेणबत्ती सुंदर दिसू लागली, पण जळताना विषारी वाफ हवेत जाऊ लागली. बंद सभागृहात किंवा चर्चमध्ये एकाच वेळी शेकडो मेणबत्त्या जळत असतील, तर धोका किती, याची कल्पना करता येते. फ्रान्समध्ये या भेसळीला मनाई झाली. लंडनमध्ये १८३७ साली वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीच्या डॉक्टरांनी या मेणबत्त्यांची तपासणी करून लोकांना सावध केले.

त्यावरचा उपाय निघाला तो अगदी साधा होता. स्टिअरिक आम्लात थोडे मेण मिसळायचे, मिश्रण ढवळत ढवळत गोठण्याच्या बेतापर्यंत निववायचे आणि कोमट साच्यात ओतायचे. एवढ्याने मोठे स्फटिक बनत नाहीत आणि विषाची गरज उरत नाही.

डोळे बांधून केलेला प्रयोग

१८२४ साली शेव्रल यांची पॅरिसच्या गोब्लां या सरकारी गालिचा कारखान्यात रंगकामाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तिथे तक्रार अशी होती, की काळा रंग फिका दिसतो. शेव्रल यांनी रंग तपासला, तो उत्तम होता. दोष शेजारच्या रंगाचा होता. निळ्या-जांभळ्याशेजारी ठेवलेला काळा आपल्या डोळ्यांनाच फिका भासतो. पैठणीचा पदर दुकानात एका रंगाच्या काठाशेजारी वेगळा दिसतो आणि दुसऱ्या रंगाच्या काठाशेजारी वेगळा, तसाच हा प्रकार. यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. पुढच्या पिढीतल्या फ्रेंच चित्रकारांनी तो अभ्यासला.

डोळ्यांप्रमाणे हातही फसवू शकतो, हेही त्यांनी दाखवले. दोऱ्याला टांगलेला लंबक हातात धरला की तो विशिष्ट पदार्थांवर आपोआप हलतो, असा त्या काळी समज होता. शेव्रल यांनी स्वतः करून पाहिले, तर लंबक खरोखर हलला. मग त्यांनी डोळे बांधून घेतले आणि खालचा पदार्थ त्यांच्या नकळत कुणाला तरी बदलायला लावला. लंबकाचे हलणे थांबले. हात स्वतःच्या नकळत अपेक्षेप्रमाणे हलत होता. १८३३ साली अँपिअर यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात त्यांनी हा प्रयोग मांडला. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात बोअर घेण्याआधी पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहताना अनेकांनी पाहिला आहे. पाणाड्या लबाडच असतो असे नाही. त्याचा हात त्याला फसवतो. आज नवे औषध तपासताना रुग्णाला आणि डॉक्टरलाही खरे औषध कोणते ते कळू देत नाहीत. त्यामागचा विचार शेव्रल यांच्या या प्रयोगाच्या जवळचाच आहे.

आपल्या घरातली मेणबत्ती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलापासून पॅराफिन मेण मिळू लागले आणि मेणबत्ती आणखी स्वस्त झाली. आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली. गाईच्या आणि डुकराच्या चरबीच्या नुसत्या संशयाने १८५७ साली केवढा भडका उडाला, हे या देशाने पाहिले होते. खनिज मेणात प्राण्यांची चरबी नव्हती. आसाममधल्या डिगबोईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातही मेण तयार होऊ लागले.

पण निव्वळ पॅराफिन मऊ असते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली मेणबत्ती वाकते ती त्यामुळेच. म्हणून आजही घरगुती मेणबत्तीच्या मिश्रणात शेव्रल यांचे स्टिअरिक आम्ल लागते. एक किलो पॅराफिन मेणाला साधारण १०० ग्रॅम स्टिअरिक ॲसिड घातले, तर मेणबत्ती कडक आणि पांढरी होते व साच्यातून सहज सुटते. आज ते बरेचसे पाम तेलापासून मिळते, पण काही ठिकाणी प्राण्यांच्या चरबीपासूनही करतात. ज्यांना याचे पथ्य आहे त्यांनी घेताना विचारून घ्यावे.

मेण कधीही थेट आचेवर वितळवू नये. मोठ्या भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे भांडे बसवावे, म्हणजे मेण प्रमाणाबाहेर तापत नाही. उरलेले तुकडे वितळवले तर जुन्या वाती आणि काजळी फडक्यातून गाळून काढावी. वात गुंफलेल्या सुताची घ्यावी. जाड सुतळी घातली की पुन्हा चरबीच्या मेणबत्तीसारखाच धूर. लावण्यापूर्वी वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावी. चकाकीसाठी भलतेसलते रंग किंवा रसायने घालू नयेत. सोमलाची गोष्ट त्यासाठीच लक्षात ठेवायची.

मेण पेटलेच, तर पाणी ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण चौफेर उडते. गॅस बंद करून भांड्यावर झाकण टाकावे. अंगावर गरम मेण सांडले, तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. चिकटलेले मेण ओरबाडू नये. हळद, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. फोड आले किंवा चेहरा, हात भाजले असतील तर सरळ दवाखाना गाठावा. लहान मुलांना या कामापासून दूरच ठेवावे.

कॅथलिक चर्चचा वेदीवरच्या मेणाचा दंडक १९०४ साली शिथिल झाला. तरीही वेदीसाठी मेणबत्ती करायची असेल, तर आधी आपल्या धर्मगुरूंना विचारलेले बरे. नाताळच्या रात्री हातात धरायच्या किंवा २ नोव्हेंबरला कबरीवर लावायच्या मेणबत्तीला घरचे मेण चालते.

शंभरी आणि नंतर

शेव्रल १८३० साली गुरू वोकलां यांच्या जागी पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात प्राध्यापक झाले आणि पुढे तिथले संचालकही. १८७१ च्या जानेवारीत जर्मन तोफांचे गोळे संग्रहालयाच्या आवारात पडले, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे शेव्रल शहर सोडून गेले नाहीत. १८८६ साली त्यांची शंभरी फ्रान्सने थाटात साजरी केली. छायाचित्रकार नादार यांनी त्यांची मुलाखत घेतली आणि बोलतानाची त्यांची छायाचित्रे टिपली गेली. पत्रकारितेच्या इतिहासात तिची नोंद आहे.

शेव्रल दारू पीत नसत, आणि त्यांच्या दीर्घायुष्याचे गुपित त्यातच अनेकांनी शोधले. दारू टाळणे चांगलेच, पण एका माणसाच्या शंभरीवरून नियम काढता येत नाही. डोळे बांधून लंबक तपासणाऱ्या शेव्रल यांना असा निष्कर्ष पटला नसता.

१८८९ च्या वसंतात त्यांचा एकुलता एक मुलगा वारला. काही दिवसांतच, ९ एप्रिलला, शेव्रलही गेले. आयफेल टॉवर नुकताच उभा राहिला होता आणि त्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव होते. नोत्र दामच्या मोठ्या चर्चमध्ये सरकारी इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला.

त्यांच्या जन्माच्या वेळी असा विधी मधमाशीच्या मेणाच्या उजेडात होई आणि त्याच रात्री गरिबाच्या घरात चरबी धुमसत असे. त्यांच्या मृत्यूपर्यंत ती तफावत बरीचशी मिटली होती. मराठवाड्यातल्या एखाद्या छोट्या चर्चमध्ये नाताळच्या रात्री घरी ओतलेली मेणबत्ती डोळे न चुरचुरवता जळते, तेव्हा त्या उजेडात साबणाचा एक तुकडा पुन्हा पुन्हा तपासत बसलेल्या शेव्रल यांच्या चिकाटीचा वाटा असतो.